गोळी बंद केली की दुखणं का वाढायचं? फायब्रोमायल्जिया आणि पूरक उपचारांचं एक प्रकरण

हे प्रकरण एका रुग्णाची हुबेहूब नोंद नाही. जुनाट दुखण्याच्या उपचारांत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीभोवती गुंफून ते मांडलं आहे. आजार, औषधं आणि संशोधन यांबद्दलची माहिती मात्र जशी आहे तशीच आहे.

रुग्ण आणि तक्रार

वय ४६, शाळेत शिक्षिका. साडेतीन वर्षांपूर्वी मान आणि उजवा खांदा धरला. हळूहळू पाठ, कंबर, दंड, मांड्या, पोटऱ्या सगळंच दुखायला लागलं. कुठे दुखतं असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कुठे दुखत नाही ते विचारा, पटकन सांगून होईल." सकाळी उठल्यावर तासभर अंग आखडलेलं असतं. रात्र अंथरुणात काढूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. शिकवताना मध्येच शब्द आठवत नाही, रोज समोर बसणाऱ्या मुलांची नावं विसरतात. दुखण्याबद्दल त्या मोकळेपणाने बोलल्या, पण हे विसरणं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

तपासण्यांची फाईल जाडजूड होती. रक्त, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या चाचण्या), थायरॉईड, संधिवाताच्या चाचण्या, सगळं ठीक. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते भरून काढलं, दुखणं तसंच राहिलं. मानेच्या एमआरआयमध्ये वयानुसार दिसते तेवढीच झीज होती. एका ठिकाणी त्यांना मणका झिजल्याचं सांगितलं होतं, दुसऱ्या ठिकाणी "मनाचं आहे, विचार कमी करा" असं. या दुसऱ्या वाक्याने त्यांचं जितकं नुकसान झालं तितकं कुठल्याही चुकीच्या गोळीने झालं नसेल, असं मला वाटायचं. पुढे त्यांची पिशवी उघडल्यावर ते मत थोडं बदललं.

निदान फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहायच्या आणि त्यातल्या ११ दुखल्या की निदान करायचं, अशी पद्धत होती. २०१० मध्ये ती बदलली आणि २०१६ मध्ये नव्या निकषांत आणखी सुधारणा झाली. आता शरीराचे १९ भाग विचारात घेतात आणि त्यासोबत थकवा, झोप आणि विचारांतला गोंधळ किती आहे हेही मोजतात. लक्षणं किमान तीन महिने टिकलेली असावी लागतात. या बाईंनी १९ पैकी १४ भागांवर खूण केली आणि बाकीच्या लक्षणांचे गुण १२ पैकी ९ आले.

त्यांना पहिल्यांदा समजावून सांगितलं ते हे: दुखणं खरं आहे. स्नायू किंवा सांध्यात मोठी इजा नसतानाही मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून पाठवते, ध्वनिवर्धकाचं बटण वर सरकवून ठेवल्यासारखं. त्यामुळे साधा स्पर्शही बोचतो. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी अशा अतिसंवेदनशील होऊ शकतात हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. २०१७ मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा दुखण्यासाठी 'नोसिप्लास्टिक' हा वेगळा प्रकारच मान्य केला. बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "म्हणजे मी नाटक करत नाही, असं कागदावर आहे?" आहे, असं सांगितलं.

पिशवी

पुढच्या भेटीला येताना घरात दुखण्यासाठी म्हणून जे जे आहे ते सगळं पिशवीत घालून आणा, असं सांगितलं होतं. नुसतं विचारलं की लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं सांगतात. तेल, काढा, पट्टा, कुणी दिलेली पुडी ही त्यांच्या मते औषधंच नसतात.

टेबलावर आलं ते असं: वेदनाशामक गोळ्यांची तीन वेगवेगळी पाकिटं, ज्यांतल्या दोन पाकिटांतलं औषध एकच होतं, फक्त नाव निराळं. मालिशचं तेल. कमरेला बांधायचा चुंबकाचा पट्टा. झोपेसाठी एक वनस्पतीजन्य अर्क. हळदीच्या कॅप्सूल. अॅक्युपंक्चरच्या बैठकांचं कार्ड. आणि लेबल नसलेली एक पांढरी बाटली. "या नैसर्गिक आहेत, सांध्यांसाठी. आठ महिने घेतेय. रात्री जेवल्यावर एक."

फायदा होतो का, या प्रश्नावर त्यांनी दिलेलं उत्तर पुढच्या सगळ्या उपचारांचा पाया ठरलं. "घेतल्यावर फार फरक पडतो असं नाही. पण बंद केली ना, तर दोन दिवसांत सगळं अंग असं मोडून येतं की उठवत नाही. म्हणजे आतून काम करत असणार."

आम्ही उपचार करणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहरा गेल्या वर्षात गोल झाला होता, हे त्यांच्या ओळखपत्रावरच्या फोटोवरून कळत होतं. हात जरा कुठे आपटला तरी काळानिळा पडायचा. रक्तदाब पूर्वी नव्हता, आता वाढलेला होता. साखर काठावर आली होती. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, फार कमी निघालं. लक्षणं जास्तीच्या स्टिरॉइडची आणि शरीराचं स्वतःचं मात्र कमी. गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असणार, असाच याचा अर्थ होता.

बाहेरून रोज स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. मग गोळी अचानक थांबवली की शरीराकडे काहीच उरत नाही. थकवा, स्नायू आणि सांधे दुखणं, मळमळ हे सगळं होतं. बाई ज्याला "आतून काम करतेय" म्हणत होत्या ते गोळी सोडल्याचं दुखणं होतं, आणि ते त्यांच्या मूळ दुखण्यासारखंच दिसत असल्यामुळे कुणालाही फसवलं असतं. खरं तर स्टिरॉइडचा फायब्रोमायल्जियावर उपयोग होत नाही. १९८५ मध्ये रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन देऊन ते तपासलं गेलं होतं आणि फायदा दिसला नव्हता. उलट, अशा रुग्णाला स्टिरॉइडने झटक्यात बरं वाटलं तर निदानच पुन्हा तपासायला हवं, कारण पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिकासारखा दाहाचा आजार निघू शकतो. म्हणून या बाईंच्या सूज आणि दाहाच्या चाचण्या पुन्हा पाहिल्या, तेही स्टिरॉइड त्या चाचण्या झाकून टाकू शकतं हे लक्षात ठेवून. सांध्यांना सूज नव्हती आणि गोळ्या सुरू होण्याआधीचे अहवालही स्वच्छ होते. निदान कायम राहिलं.

आणखी एक गोष्ट. स्टिरॉइड रात्री घेतलं की झोप उडते, आणि ही गोळी त्या रात्रीच घेत होत्या. १९७५ मध्ये हार्वी मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांची गाढ झोप रात्रभर मोडून पाहिली, तर त्यांचेच स्नायू दुखायला लागले आणि थकवा आला. म्हणजे दुखण्यासाठी घेतलेली गोळी झोप मोडत होती, आणि मोडलेली झोप दुखणं वाढवत होती.

"मग आजच बंद करते," असं म्हणून त्यांनी बाटली पुढे सरकवली. तेच करायचं नव्हतं. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. अंतःस्रावतज्ज्ञांनी बाटलीतल्या अनोळखी गोळीऐवजी माप माहीत असलेलं औषध सुरू केलं, तेही सकाळी, आणि ते काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवायचं ठरवलं. ताप आला किंवा उलट्या झाल्या तर मात्रा तात्पुरती किती वाढवायची आणि कधी थेट दवाखाना गाठायचा, हे कागदावर लिहून दिलं. तो कागद पर्समध्येच ठेवायचा होता.

पिशवीतल्या बाकीच्या गोष्टींचा निकाल लवकर लागला. दुहेरी वेदनाशामक थांबवलं. झोपेच्या अर्कात सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती होती. डॉक्टरांना ड्युलोक्सेटिन हे नैराश्य आणि जुनाट वेदना या दोन्हींवर दिलं जाणारं औषध सुरू करायचं होतं आणि ही दोन्ही एकत्र आली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक प्रमाणात वाढू शकतं, म्हणून अर्क आधी बंद केला. हळदीच्या दाट अर्काच्या कॅप्सूलनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्याही थांबवल्या. चुंबकाच्या पट्ट्याने दुखणं कमी होतं असं नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. पण त्यांना पेसमेकर नव्हता, पट्ट्याने त्रास होत नव्हता आणि तो आधीच विकत घेतलेला होता. "बांधावासा वाटला तर बांधा, फक्त त्यामुळे व्यायाम टाळू नका," एवढंच सांगितलं. निरुपद्रवी गोष्टी हिसकावून घेतल्या की रुग्ण पुढच्या वेळी पिशवी आणत नाही.

एका वेळी एकच

नवीन काहीही सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवायला सांगितल्या. बाईंना ते पटलं नाही. आधीच साडेतीन वर्षं गेली होती. पण कारण महत्त्वाचं आहे. हे दुखणं आपणहून चढतं आणि उतरतं. माणूस नवा उपचार शोधतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं आणि त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे चालू असेल त्याला मिळतं. तेल, पट्टा, सुया, अर्क एकाच महिन्यात सुरू केले तर काय लागू पडलं हे देवालाही सांगता येणार नाही.

मोजायचं काय, यावर आम्ही बराच वेळ घालवला. वेदनेला १० पैकी किती गुण हे विचारलंच, पण मुख्य मोजमाप त्यांच्याच तीन कामांचं ठेवलं: पूर्ण तास फळ्यावर लिहीत शिकवणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, आणि मुलीबरोबर बसून तिचा अभ्यास घेणं. प्रत्येक काम किती जमतं याला दर आठवड्याला ० ते १० गुण. सुरुवातीला तिन्ही मिळून ३० पैकी ७ होते आणि वेदनेचा आकडा ८.

पहिला बदल चालण्याचा. फायब्रोमायल्जियासाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या सुधारित शिफारशींत फक्त एकाच उपचाराला ठाम पाठिंबा दिला, तो व्यायामाला. अॅक्युपंक्चर, कोमट पाण्यातला व्यायाम, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), सजगता-ध्यान, वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार) आणि काही औषधं यांना सौम्य पाठिंबा आहे. हे बाईंना सांगितलं तर त्या जवळजवळ चिडल्या. "व्यायाम केला की दोन दिवस पडून असते मी." आणि ते खरंच होतं, कारण त्या चांगल्या दिवसाची वाट पाहायच्या, तो उजाडला की साठलेलं सगळं घर आवरायच्या, अर्धा तास झपझप चालायच्या, आणि मग दोन दिवस अंथरूण धरायच्या. त्यांचे यजमान काळजीने म्हणायचे, "तू नुसता आराम कर, मी बघतो." त्या आरामाने स्नायू आणखी दुबळे व्हायचे.

म्हणून वाईट दिवशीही जेवढं चालता येतं तेवढंच ठरवलं: सात मिनिटं. चांगला दिवस असला तरी सातच. चांगल्या दिवशी सात मिनिटांवर थांबणं हा या सगळ्या उपचारातला सर्वांत अवघड भाग होता, असं त्या नंतर म्हणाल्या. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढलं. यजमानांनाही एका भेटीला बोलावलं. "हातातलं काम काढून घेऊ नका, त्यांनी ठरवलेल्या वेळेला थांबायची आठवण करा," हे त्यांना सांगितलं. ते एका शब्दाने वाद न घालता मोबाइलवर वेळ लावायला लागले.

दुसरा बदल ताई चीचा. योग त्या व्हिडिओ बघून करायच्या, पण आसनात ताण येईपर्यंत थांबण्याच्या हट्टाने खांदे आणखी धरायचे. योगाचा दोष नाही, तो कसा करायचा याचा प्रश्न आहे. फायब्रोमायल्जियासाठी जुळवून घेतलेल्या योगवर्गाने स्त्रियांना फायदा झाल्याची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. पण या बाईंना संथ, न थांबता वाहणारी हालचाल जास्त मानवली. २०१८ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २२६ रुग्णांत ताई चीची तुलना एरोबिक व्यायामाशी केली होती. ताई ची त्याच्या बरोबरीची किंवा सरस ठरली आणि लोक वर्गाला टिकूनही राहिले. मला यातलं टिकून राहणं सर्वांत मोलाचं वाटतं. जो व्यायाम तीन आठवड्यांत सुटतो त्याचा पुरावा कितीही भक्कम असला तरी त्या रुग्णासाठी तो निरुपयोगी आहे.

सजगता-ध्यान सरळ जमलं नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात पडून राहून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायचा सराव असतो. बाईंचं लक्ष ज्या भागाकडे जाईल तो भाग जास्त दुखायचा, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या रडून उठल्या. हे बऱ्याच जणांचं होतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्यांना शरीर सोडून आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितलं: पंख्याचा, रस्त्यावरचा, स्वतःच्या श्वासाचा. शरीराकडे त्या पुढे दोन महिन्यांनी, आपणहून वळल्या, आणि तेही फक्त तळपायांपासून. त्यांच्यासोबत वर्तनोपचाराच्या काही बैठका झाल्या. त्यांतला सर्वांत उपयोगी भाग झोपेचा ठरला. ठरलेल्या वेळी उठणं, झोप येत नसेल तर अंथरुणात न तळमळणं, दुपारी न पडणं. स्टिरॉइड सकाळी गेल्यावर हे शक्य झालं.

अॅक्युपंक्चरबद्दल त्यांनी थेट विचारलं, "खरं आहे का ते?" उत्तर सरळ नाही. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या जागी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, खोट्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के लोकांना ठळक फायदा झाला. म्हणजे सुयांच्या उपचाराने बरं वाटतं, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये अशा जुनाट दुखण्यासाठी अॅक्युपंक्चर सुचवलं, पण आरोग्यसेवकाचा एकूण पाच तासांहून जास्त वेळ त्यावर जाऊ नये अशी मर्यादा घातली. बाईंना बैठकीनंतर दोन-तीन दिवस मान मोकळी वाटायची. त्या दिवसांत ताई ची जास्त जमते असं नोंदींत दिसलं, म्हणून मोजक्या बैठका ठेवल्या आणि मग थांबवल्या. हलकं मालिश रात्री झोपण्याआधी चालू राहिलं. जोर लावून केलेलं मालिश दुसऱ्या दिवशी हमखास महागात पडायचं, तेवढं टाळलं.

चौथ्या महिन्यातला ताप

व्हायरल तापाने सगळं एकदा विस्कटलं. पर्समधला कागद कामी आला, स्टिरॉइडची मात्रा सांगितल्याप्रमाणे दुप्पट केली आणि ताप उतरल्यावर पुन्हा पूर्वपदावर आणली. पण दुखणं ९ वर गेलं, चालणं बंद पडलं, आणि एका संध्याकाळी त्यांनी फोन करून विचारलं, "ती पांढरी गोळी घेऊ का? थोडे दिवसच." बाटली त्यांनी अजून फेकली नव्हती. रागवण्यात अर्थ नव्हता. आधी कॉर्टिसोलअभावी होणारी लक्षणं नाहीत ना, हे विचारून घेतलं: उलट्या, चक्कर, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. नव्हती. मग चालणं बावीस मिनिटांवरून पुन्हा सातवर आणलं. गरम शेक, आवाजाचं ध्यान आणि ठरलेल्या वेळी उठणं एवढंच ठेवलं. तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली. पुढच्या भेटीला बाटली त्यांनी स्वतः आणून दिली आणि आम्ही ती औषध नियंत्रण खात्याकडे तपासणीसाठी पाठवली.

नवव्या महिन्याची नोंद

वेदनेचा आकडा ८ वरून ६ वर आला आहे. बाईंना सुरुवातीला तो फार थोडा वाटला. तीन कामांचे गुण ३० पैकी ७ वरून १९ झाले आहेत. पूर्ण तास उभ्याने शिकवता येतं, फळ्यावर मात्र खांद्याच्या उंचीपर्यंतच लिहितात. कपडे वाळत घालताना दोनदा थांबतात. मुलीचा अभ्यास रोज घेतात. चालणं अर्ध्या तासावर आहे. आठवड्यातल्या पाच रात्री झोप नीट लागते.

रक्तदाब आणि साखर उतरली. स्टिरॉइड अगदी कमी मात्रेवर आलं आहे. सकाळचं कॉर्टिसोल वाढतंय, पण पूर्ण थांबवण्याइतकं नाही, म्हणून पुढची पायरी तीन महिने लांबवली. ड्युलोक्सेटिन कमी मात्रेत चालू आहे. शब्द विसरणं फारसं सुधारलेलं नाही आणि त्यासाठी आमच्याकडे चांगला उपाय नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी स्वतःच वर्गाच्या हजेरीपटाशेजारी मुलांच्या बसण्याच्या जागांचा नकाशा चिकटवून ठेवला आहे.

चुंबकाचा पट्टा त्या अजून अधूनमधून बांधतात. दर तिसऱ्या महिन्याला पिशवी तपासायची असं ठरलं आहे, आणि कुणी नवीन काही सुचवलं तर ते घेण्याआधी त्या फोटो काढून पाठवतात.